माझ्या पाठीवर ठरलेली सहल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. जुने म्हणजे मोडके नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो. माझ्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा घालावा लागतो हे खरे, पण तो दोष जमिनीचा आहे. सुर्फेन गावातल्या बार्लाच्या खानावळीत, भिंतीतल्या मोठ्या शेगडीशेजारी मी उभा असतो. माझ्यावरून गरम सार जाते, थंड बीअर जाते, पत्ते आपटले जातात. मी सगळे सोसतो आणि सगळे ऐकतो. बोलता मात्र येत नाही. एरवी मला त्याचे काही वाटत नाही, पण एका हिवाळ्यात त्या मुकेपणाने माझा जीव अगदी नकोसा केला. तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

माझ्या जन्माची कथा थोडक्यात आटोपतो, कारण बहुतेक टेबले तिथेच लांबण लावतात. मी डोंगरावर जिथे झाडे संपतात, तिथला सुवासिक पाइन होतो. एका हिवाळ्यात वरून हिमाचा लोंढा आला आणि मी थेट गावाच्या वेशीशी येऊन पडलो. बार्लाच्या आजोबांनी सुताराला सांगितले, "एवढ्या लांबून स्वतःच्या पायांनी आलाय, आता त्याला परत कशाला पाठवायचं?" झाले! सुताराने मला कापले, तासले, घासले आणि शेगडीशेजारी उभे केले. तेव्हापासून मी कुठे गेलो नाही.

माझ्याशी बसण्याचे काही नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एखादा परगावचा पाहुणा चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसला तर त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. ज्याची जागा असेल तो त्याच्या मागे उभा राहून खोकतो. पाहुणा उठेपर्यंत खोकतो. बार्लाने एकदा असा एक पाहुणा चक्क खोकल्याचे औषध आणायला निघालेला पाहिला होता.

चांगले दिवस पाहिले तसे वाईटही पाहिले. शहरातली एक बाई माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "अहाहा, काय लाकूड आहे!" त्या आनंदात मी आठवडाभर होतो. मग बार्लाच्या डोक्यात काय आले कोण जाणे, तिने माझ्यावर फुलाफुलांचे प्लास्टिक अंथरले. माझा श्वास कोंडला. सुदैवाने कुणीतरी त्यावर तापलेले भांडे ठेवले आणि फुले वितळली. मी त्या भांड्याचा आजही ऋणी आहे.

पण सगळ्यांत मोठे दुःख होते ते शेगडीच्या बाजूच्या खुर्चीचे. ती ग्येरीची जागा. ग्येरी आमच्या गावचा चीज करणारा. गाईच्या नुसत्या चालीवरून दुधाचा अंदाज बांधणारा, आणि जिभेला हाड नसलेला. खूप वर्षांपूर्वी माझ्याशीच बसून तो बाल्झरला म्हणाला होता, "तुझ्या दुधाचं चीज धड होत नाही. तुझा हात जड आहे, लेका. घाईघाईनं दूध काढतोस. गाई कंटाळल्यात तुला." बाल्झर म्हणजे काळ्या मिशांचा, रुंद छातीचा शेतकरी, गावातल्या प्रत्येक बेताचा पुढारी. आमच्याकडे एखाद्याला वाटेल ते बोला, पण त्याच्या गाईंचे नाव काढू नका. बाल्झरने माझ्यावर अशी मूठ आपटली की मोहरीची बरणी आडवी झाली. "माझ्या गाई हंबरून हंबरून मेल्या तरी तुला विचारणार नाही!" असे तो ओरडला.

ग्येरी उठला आणि दाराजवळच्या लहान टेबलाशी जाऊन बसला. आमच्याकडे पाठ करून. खानावळीत यायचे त्याने सोडले नाही, रोज यायचा, पण पाठ काही वळली नाही. त्याच्या खुर्चीवर दुसरे कुणी बसले नाही आणि कुणाला बसूही दिले नाही. माझा तेवढा भाग कोपरांच्या घासण्यावाचून फिकाच राहिला. बाकी सगळीकडे मी चकाकतो.

आता मेंगामावशीची ओळख करून देतो. तिने सारे आयुष्य आमच्या गावच्या लिफ्टवर काम केले. लिफ्ट म्हणजे वर-खाली जाणारी खोली नव्हे बरे का. चर्चच्या मागून डोंगरावर एक लोखंडी दोर फिरतो, त्याला आकडे टांगलेले असतात. स्की घातलेल्या माणसाच्या मागे आकडा अडकवायचा, की दोर त्याला ओढत वर नेतो. तो आकडा पकडून देणारी मेंगामावशी. गावातले प्रत्येक पोर तिच्या हातून वर गेले. पण हिवाळाभर लिफ्ट चालू, त्यामुळे मावशीने दुसऱ्या कुठल्या गावचा उतार कधी पाहिलाच नाही.

पाहिला नव्हता, पण ऐकला होता. दूरदूरच्या खोऱ्यांत आमच्यासारखीच लहान गावे आहेत. एकेक लिफ्ट, एकेक उतार. मोठमोठ्या झगझगीत ठिकाणी गेलेल्या लोकांना त्यांची नावेही ठाऊक नसतात. या गावांतले लिफ्टवाले रोज सकाळी एकमेकांना फोन करून बर्फाची चौकशी करत. मावशी तो फोन माझ्याशेजारच्या भिंतीवरून करायची. प्रासोत गावच्या तुमाशशी तर तिची रोजची जुंपायची.

"किती पडलाय रे तुमच्याकडे?"

"कमरेइतका!"

"कुणाच्या कमरेइतका? तुझ्या की मांजराच्या?"

"येऊन बघ की एकदा!"

"येते, येते," मावशी म्हणायची, आणि आकडे ओढायला निघून जायची. तिच्या आयुष्यातली माणसे अशी. आवाज ओळखीचे, चेहरा एकाचाही माहीत नाही.

त्या हिवाळ्यात मावशीने काम सोडले. गुडघा फारच दुखायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितले, वसंतात गुडघा बदलायचा आणि त्यानंतर स्कीचे नाव काढायचे नाही. मावशी सारात चमचा फिरवत म्हणाली, "म्हणजे हा शेवटचा हिवाळा. तुमाशकडे जायचं राहूनच गेलं."

बाल्झरने चमचा खाली ठेवला. "राहून कसं जाईल? मी नेतो."

आणि मित्रांनो, माझ्या पाठीवर सहलीचा बेत सुरू झाला! मिठाची बाटली म्हणजे आमचे सुर्फेन. मोहरीची बरणी म्हणजे वाल्देरा, तिथला उतार म्हणे लोकांच्या अंगणातून जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून निघावे लागते. पावाचा तुकडा म्हणजे कुर्तगिन, तिथली लिफ्ट ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालते. अक्रोडाच्या केकची फोड म्हणजे उंच घाटापलीकडचे सुत फोर. आणि अगदी शेवटी, माझ्या काठावर, रिकामा पेला: तुमाशचे प्रासोत. चार गावे, चार दिवस. पावाचा चुरा ओढून रस्ते आखले. घाटाच्या जागी भांडी पुसायचे फडके चुरगळून ठेवले.

बेत सरळ रेषेत कधी गेला नाही. बाल्झरला प्रत्येक मुक्कामी भरपूर जेवण हवे होते. सातूचे सार कुठे दाट मिळते यावरून तो गावे पुढेमागे सरकवायचा. मावशी म्हणायची, "अरे, मी बर्फ बघायला चाललेय, भांडी बघायला नाही." एके दिवशी बोलता बोलता फ्लुरिनने सुत फोर खाऊन टाकले. फ्लुरिन म्हणजे बाल्झरचा शेजारी, लांब हातापायांचा, सदा भुकेला. सगळे ओरडले तेव्हा तो तोंड भरलेले ठेवूनच म्हणाला, "आता घाट चढायला नको, झालं!" बार्लाला दुसरी फोड आणून गाव पुन्हा वसवावे लागले.

आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. गाईंचे दूध सकाळ-संध्याकाळ काढावेच लागते, मग मालक आजारी असो की सहलीला जावो. म्हणून शेजाऱ्याने गोठ्याबद्दल विचारले तर सुर्फेनमध्ये कुणी नाही म्हणत नाही. प्रश्न पुरा होण्याआधीच हो म्हणायचे, हीच रीत. का, कधी, किती, असे विचारायचे नाही. आणि एकदा हो म्हटल्यावर पुन्हा आठवण करायची नाही, तो त्या माणसाच्या शब्दाचा अपमान होतो. रीत चांगलीच आहे. पण त्या वर्षी इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

आधी बाल्झरने फ्लुरिनला विचारले, "चार दिवस माझ्या गोठ्याचं..."

"हो," फ्लुरिन म्हणाला. तेव्हा तो सहलीला जाणार नव्हता.

मग लक्षात आले की बाल्झरची गाडी घाटात धापा टाकते. गाडी फ्लुरिनची चांगली, पण तिच्या चाकाला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणजे फ्लुरिनही आलाच. त्याने क्लाऊला विचारले. क्लाऊ वरच्या आळीतला शेतकरी, लाजरा, कमी बोलणारा, पण पत्त्यांत भलताच तरबेज.

"क्लाऊ, माझा गोठा आणि बाल्झरचाही..."

"हो," क्लाऊ म्हणाला.

दोन दिवसांनी मावशीने बोटे मोजली. "मी, बाल्झर, फ्लुरिन. तिघंच? मग संध्याकाळी पत्त्यांचं काय? चौथा नको का? क्लाऊ, तू चल."

क्लाऊचे कान लाल झाले. त्यानेही या खोऱ्याबाहेर कधी स्की घातली नव्हती. "मी? खरंच?" असे तो तीनदा म्हणाला. मग त्याने बाल्झरला गाठले. बाल्झर तेव्हा कुर्तगिन उचलावे की ठेवावे या विचारात गढला होता.

"बाल्झर, तेवढं तिन्ही गोठ्यांचं..."

"हो," बाल्झर पावावरची नजर न काढता म्हणाला.

क्लाऊला वाटले, बाल्झर हो म्हणतोय म्हणजे त्याने कुणाला तरी लावून ठेवले असणार. पुन्हा विचारायचे तर रीत आडवी.

मित्रांनो, मला सगळे कळले होते! तिघांचे तिन्ही होकार माझ्याच पाठीवर दिले गेले होते. एकाने दुसऱ्यावर सोपवले, दुसऱ्याने तिसऱ्यावर, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्यावर. गाईंजवळ कुणीच राहत नव्हते! मी करकरलो. पुठ्ठ्यावरून पाय सरकवून डुगडुगलो. फ्लुरिनने नुसता पुठ्ठा पुन्हा दुमडून घातला. मात्र दाराजवळच्या टेबलाशी एक पाठ ताठ झालेली मी पाहिली. क्लाऊला बाल्झरचा होकार मिळाला तेव्हा ग्येरीच्या हातातला पेला ओठांपाशी थांबला होता. त्याने हळूच मान हलवली आणि पेला संपवून तो निघून गेला. बोलला काहीच नाही. त्याला कुणी विचारले नव्हते ना!

निघायचा दिवस उजाडला. सकाळचे दूध काढून मंडळी खानावळीत कॉफीला जमली. बाहेर फ्लुरिनच्या गाडीवर स्की बांधून तयार. मेंगामावशीने लाल लोकरी टोपी घातली होती आणि तिचे पाय टेबलाखाली एका जागी ठरत नव्हते. तो दुखरा गुडघासुद्धा नाचत होता. बार्ला म्हणाली, "दुपारनंतर वारा सुटणार आहे. घाटाचा रस्ता बंद करतील. उठा लवकर." ग्येरीही आला होता. पण त्या दिवशी तो बसला नाही. लांब कोट घालून, दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभ्यानेच कॉफी पीत होता.

बाल्झर हातमोजे चढवत फ्लुरिनला म्हणाला, "संध्याकाळी काळीला सांभाळ हं. डावीकडून लाथ मारते."

"मला काय सांगतोस? मी गाडी चालवणार आहे. क्लाऊला सांग."

"मला?" क्लाऊ म्हणाला. "मी तर येतोय. मी तुलाच विचारलं होतं, बाल्झर. तू हो म्हणालास."

तिघे एकमेकांकडे बघत राहिले. बार्लाच्या हातातली किटली तशीच राहिली.

"म्हणजे गोठ्यात..." फ्लुरिन म्हणाला.

"कुणीच नाही," क्लाऊ म्हणाला.

त्यानंतर जो गलका उडाला तो विचारू नका. "मी राहतो." "तू राहिलास तर गाडी कोण चालवणार?" "मग मी राहतो." "तू? बेत तुझा आणि तूच राहणार?" "क्लाऊनं काय गुन्हा केलाय म्हणून तो राहील?" खिडकीबाहेर ढग खाली उतरत होते. शेवटी मेंगामावशीने हातमोजे काढले आणि माझ्यावर ठेवले. एकावर एक, नीट जुळवून.

"राहू द्या रे," ती म्हणाली. "कुणाला मागे टाकून मी जायची नाही. गाई आधी. तुमाशचा आवाज काय, फोनवर ऐकू येतोच."

ती हसत होती. पण हातमोज्यांखाली माझ्यावर एक थेंब पडला, तो फक्त मला कळला. मला फार वाईट वाटले.

खोलीत एक माणूस होता, जो तिन्ही गोठे सांभाळू शकला असता. सगळ्यांना ते ठाऊक होते. फ्लुरिन हळूच म्हणाला, "माझं आणि क्लाऊचं आम्ही विचारतो त्याला. पण तुझ्या गाईंसाठी तुलाच विचारावं लागेल, बाल्झर. मालकानं विचारल्याशिवाय कुणाच्या गोठ्यात पाय टाकता येत नाही."

बाल्झर मिशी चावू लागला. त्याने माझ्याकडे पाहिले, मूठ आपटली होती त्या जागेकडे. मग त्या जुळवून ठेवलेल्या हातमोज्यांकडे पाहिले. मग तो उठला. शेगडीपासून दारापर्यंत चार पावलेही नाहीत, पण बाल्झरला ती चालायला फार वेळ लागला.

"ग्येरी," तो घसा खाकरून म्हणाला, "माझ्या गाई..."

"हो," ग्येरी म्हणाला.

प्रश्न पुरा होऊ दिला नाही त्याने. रीतच तशी. मग त्याने कप खाली ठेवला, कोटाची बटणे काढली आणि कोट खुंटीला टांगायला तो वळला. कमरेला पट्ट्याने बांधलेले, दूध काढायला बसायचे एका पायाचे स्टूल त्याच्या मागे लोंबत होते! म्हणून तो सकाळपासून बसला नव्हता. बसताच आले नसते.

बार्ला हसून हसून खाली बसली. मेंगामावशी डोळे पुसत म्हणाली, "अगो बाई, शेपूट घेऊनच आलाय हा!"

"दात काय काढताय?" ग्येरी म्हणाला. "इतके दिवस ऐकतोय तुमचा घोळ. तिघांत मिळून एकाची तरी अक्कल जागी होईल म्हटलं!"

"मग तोंड का नाही उघडलंस?" बाल्झर ओरडला.

"मला कुठं कुणी विचारलं?"

बाल्झर नुसता म्हणाला, "काळी डावीकडून लाथ मारते."

"मला नाही मारणार."

मला माझी मोहरीची बरणी आठवली. बाल्झरचा चेहरा लाल झाला, गाल फुगले, आणि तो हसायला लागला. असा हसला की खिडक्यांची तावदाने थरथरली. "जा रे, निघा आता!" ग्येरी खेकसला, आणि मेंगामावशीच्या हातात हातमोजे त्यानेच नेऊन दिले.

ते चार दिवस मला करमले नाही. ग्येरी गोठे आटोपून यायचा आणि दाराजवळच बसायचा. पाठ मात्र आता भिंतीकडे होती आणि तोंड माझ्याकडे.

पाचव्या दिवशी मंडळी परतली. मेंगामावशीचे नाक उन्हाने सोलून निघाले होते आणि तोंड बंद होत नव्हते. वाल्देराला ती कुणाच्या तरी चादरीत अडकून, चादर पांघरूनच खाली आली होती. कुर्तगिनला तिला बघायला ट्रॅक्टर बंद करून माणसे गोळा झाली. सुत फोरचा उतार असा, की तिने वरून खाली बघितले आणि मग डोळे मिटूनच उतरली. आणि प्रासोतला लिफ्टपाशी एक माणूस आकडा धरून उभा होता. तिने पुढे होऊन विचारले, "किती पडलाय रे?"

"आणि बार्ला, काय सांगू तुला!" मावशीने माझ्यावर थाप मारली. "तुमाश एवढासा आहे! माझ्या खांद्यालाही लागत नाही. कमरेइतका म्हणायचा ते खोटं नव्हतं गं. त्याची कंबरच तेवढी! दोघं मिळून इतकं हसलो, इतकं हसलो, की मग रडलो."

बाल्झर तिथे नव्हता. तो आधी गोठ्यात गेला होता. बऱ्याच वेळाने लंगडत आला आणि दाराशीच, ग्येरीच्या टेबलापुढे उभा राहिला.

"काळीनं लाथ मारली," तो म्हणाला.

"डावीकडून?"

"उजवीकडून. ती सवय नवीन आहे." बाल्झरने टोपी काढली. "चार दिवसांत दूध वाढलंय, ग्येरी. तू त्या वेळी म्हणालास ते खरं होतं. माझा हात जड आहे. मला वाईट वाटलं ते तू खरं बोललास म्हणूनच. मला दाखवशील, कसं..."

"हो," ग्येरी म्हणाला.

बाल्झर माझ्याकडे आला आणि त्याने शेगडीजवळची खुर्ची मागे ओढली. ग्येरी येऊन बसला. कुणाला खोकावे लागले नाही. बार्लाने न विचारता त्याच्यापुढे सार ठेवले.

वसंत आला. मेंगामावशीचा गुडघा बदलला. आता बर्फ नाही, लिफ्ट बंद आहे, पण भिंतीवरचा फोन सकाळी वाजतोच. वाल्देराहून वाजतो, कुर्तगिनहून वाजतो, सुत फोरहून वाजतो. "गुडघा काय म्हणतो?" एवढेच विचारतात. आणि तुमाशने कळवले आहे की उन्हाळ्यात तो स्वतः येणार. त्याच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवावी लागेल, असे मावशी म्हणते.

मित्रांनो, आम्हा टेबलांची काळजी घेणे सोपे आहे. ओला पेला थेट अंगावर ठेवू नका. सुरीने आपली नावे कोरू नका. फुलाफुलांचे प्लास्टिक तर मुळीच नको. आणि तुमच्या घरच्या टेबलाशी एखादी खुर्ची रुसव्याने रिकामी पडली असेल, तर तुम्हीच उठा आणि त्या माणसाला एक प्रश्न विचारा. त्याला मदत करण्यापेक्षा त्याची मदत मागा. तो कदाचित लांब कोटाखाली स्टूल बांधून उभाच असेल.

माझी ती बाजू अजून फिकी आहे. पण ग्येरीची कोपरे कामाला लागली आहेत.